सुकी फट भरू नका: होडीकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा हाताळता येतात असं धरून चालतो. येत नसतील तर आधी दारं-खिडक्या करणाऱ्या मेस्ताकडे सहा महिने काढा, होडीपाशी ती बाराखडी कोणी शिकवत बसत नाही. पठाण (होडीच्या तळाचा कणा), नाळ (पुढचं टोक), वांक (आतल्या बरगड्या) हे शब्दही कानावरून गेले असतील. नावं गावागणिक बदलतात. तुमचा मेस्त जे म्हणतो ते खरं, त्यावर वाद घालू नका.

मेस्त कसा निवडायचा, यावर माझं मत ठाम आहे. नवी होडी बांधणाऱ्यापेक्षा जुन्या दुरुस्त करणारा बघा. नव्या होडीत सगळंच सरळ आणि गोमटं दिसतं. दुरुस्तीत दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या चुका उघड्या पडतात: कुठे लोखंडी खिळा लाकूड काळं करत गेला, कुठे वांक कुजला, कुठे पठाणालगतची फळी सुटली. हातखर्ची कमी देणारा पण कामाचं कारण सांगणारा मेस्त मिळाला तर तिथेच थांबा.

सरकारी बाजूही माहीत असू द्या. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत होडी बांधणारेही आहेत. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पुढे 5 टक्के व्याजाने कर्ज. जरूर घ्या. अवजारं चांगली येतील, पण सात दिवसांत हात तयार होईल अशी आशा धरू नका.

फायबरच्या होड्यांनी लाकडाचं काम बरंच खाल्लं, हे खोटं नाही. तरी घाबरून जाऊ नका. खिळ्यांशिवाय काथ्याने शिवलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावरच बांधली गेली, केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांच्या हातून. 2023 च्या सप्टेंबरात तिचा पठाण बसला आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ती नौदलात दाखल झाली. हात असलेल्या माणसाला काम मिळतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. फळ्यांच्या फटी.

खिळ्यांनी बांधलेली होडी एप्रिल-मेमध्ये वर ओढलेली असते. उन्हात फळ्या आकसतात, फटी उघडतात, कुठे कुठे आरपार उजेड दिसतो. नवख्याला वाटतं, हीच गळण्याची जागा. तो कापसाची जाड वात घेतो आणि मोगरीने ठोकठोक ठोकून फट गच्च भरतो. वरून लुकण (पुटी) लावल्यावर काम देखणं दिसतं, मालकही खूश होतो. होडी पाण्यात गेल्यावर लाकूड फुगायला लागतं. त्याला पसरायला जागा हवी असते आणि ती जागा तुम्ही कापसाने भरून टाकलेली असते. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत कसं अडकतं ते आठवा. इथे अडकून भागत नाही. फळी दुसरीकडे वाट काढते: खिळ्यांची डोकी उचलतात, वांकाला तडा जातो, पठाणालगतची पहिली फळी सरकते. जी होडी थोडी पाझरली असती, ती आता कायमची गळू लागते.

हिशेब करून बघा. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. आठ इंची, म्हणजे 200 मिमी रुंदीची सागाची फळी घ्या. टोकाकडून पाहिल्यावर वर्षांची वळी आडवी झोपलेली दिसत असतील, तर ओलावा 12 टक्क्यांवरून 22 वर गेला की ती सुमारे 4 मिमी रुंद होते. वळी उभी असतील तर वाढ सुमारे 2 मिमीच राहते. एका कुशीला अशा आडव्या वळ्यांच्या आठ फळ्या धरा: 32 मिमी! दोन बोटं भरतील एवढं लाकूड जाणार कुठे? म्हणून फळी विकत घेताना आधी तिचं टोक बघा, रंग आणि गाठी नंतर.

मग करायचं काय? आधी होडी भिजवा. आतून गोणपाटं पसरा आणि खाऱ्या पाण्याने तीन-चार दिवस ओली ठेवा. गोडं पाणी नको, त्याने कूज लवकर धरते. वर नारळाच्या चुडतांची सावली करा. बऱ्याच फटी आपोआप मिटतील. ज्या मिटल्या नाहीत त्यांनाच हात लावा. पातळ सुरीचं पातं घालून बघा: आतल्या बाजूला अडकलं तर फट ठीक आहे, आरपार गेलं तर तिथे कापूस टिकणार नाही, तो आत पडेल. अशा जागी लाकडाची पातळ पट्टी बसवावी लागते.

चांगली फट आतून लाकडाला लाकूड लागलेली आणि बाहेरून उघडी असते. एक इंच जाडीच्या फळीला बाहेर दीड ते दोन मिमी पुरे. जुना कापूस कडा न दुखवता काढा, फट रंगाने ओली करा म्हणजे पकड येते. मग पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची सैल पिळाची वात घ्या. फट रुंद असेल तिथे वातीचे बारीक वेढे घाला, अरुंद असेल तिथे वात सरळ सोडा. बोथट लोखंड आणि लाकडी मोगरी घेऊन दोन फेऱ्यांत बसवा. पहिली फेरी नुसती आत ढकलायची, दुसरी घट्ट करायची. वर पाच-सहा मिमी जागा लुकणासाठी राहिली पाहिजे. लुकण फळीच्या सपाटीला आणू नका, किंचित खोलगट ठेवा, कारण लाकूड फुगलं की ते बाहेर येणारच. मोगरीचा आवाज भरीव झाला की थांबा. हा आवाज लिहून सांगता येत नाही, मेस्ताच्या शेजारी उभं राहून ऐकावा लागतो.

पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी: सुकी फट भरू नका. मालक घाई करतो, 1 ऑगस्टला मासेमारीबंदी संपून ट्रॉलर सुटतात, नारळी पौर्णिमा तोंडावर असते. तरीही नाही.

एमसील किंवा इपॉक्सी फटीत भरणं हा शॉर्टकट मला बघवत नाही. फळी हलते, इपॉक्सी हलत नाही, मग तडा शेजारच्या लाकडात जातो. ओल्या लाकडावर फायबरचा थर चढवणं त्याहून वाईट. आत पाणी कोंडतं आणि फळी दिसेनाशी होऊन कुजते. ‘सगळेच करतात’ हे ऐकून घ्या, करू नका.

बाकीचं थोडक्यात. खिळे तांब्याचे वापरा, आणि छिद्र खिळ्यापेक्षा किंचित बारीक पाडा, नाहीतर फळी फाटते. लाकूड कागदपत्रांसकट घ्या. गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या कुळागरातलं (बागेतलं) झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. काजूच्या टरफलांचं तेल लावताना हातमोजे घालाच, नाहीतर कातडीला फोड येतात आणि आठवडा वाया जातो.

होडी उतरवायची ती उधाणाच्या भरतीला, पण लगेच कामावर धाडायची नाही. उथळ पाण्यात बांधून ठेवा, पंप जवळ असू द्या. पहिल्या रात्री पाणी येणार. तुमचं काम चुकलं असं समजून झोप उडवून घेऊ नका. आतून खडूने पाझर दाखवून ठेवा, कुठे किती ते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच खुणा सुकलेल्या दिसतील. उरतील त्या जागा पुढच्या वेळी होडी वर ओढली की, भिजवून झाल्यावर, उघडायच्या.