गोचीड कुत्र्यावर, बिऱ्हाड घरात : या चुका टाळा

कुत्र्याच्या कानामागे गोचीड सापडला की बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. गोचीड उपटायचा, कुत्र्याला शाम्पूने खसाखसा धुवायचं, दुकानातून पावडर आणून भुरभुरायची. आठ-दहा दिवसांनी पुन्हा गोचीड दिसले की ‘हल्ली औषधंच भेसळीची येतात’ म्हणत दुसरं काहीतरी आणायचं. औषध बहुधा ठीकच असतं. सगळी धडपड कुत्र्यावर चाललेली असते आणि घराकडे कुणाचं लक्ष नसतं, ही पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक.

आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांवर नेहमी दिसतो तो तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. तो आयुष्यात तीनदा रक्त पितो : सहा पायांचं पिल्लू असताना, आठ पायांचा पण अर्धवट वाढलेला असताना आणि पूर्ण वाढल्यावर. तिन्ही वेळा बहुतेक कुत्र्याचंच, आणि दर वेळी पोट भरलं की अंगावरून खाली उतरतो. बाकीचं आयुष्य फटींत. टम्म फुगलेली मादी भिंतीवर चढते आणि चौकटीच्या सांध्यात, स्कर्टिंगच्या मागे, स्विचबोर्डाच्या कडेला हजारो अंडी घालून मरते, चार हजारांपर्यंतही. आपल्या उबदार हवेत हा सगळा फेरा दोनेक महिन्यांत पुरा होऊ शकतो आणि मोठा गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. म्हणून अंगावर दिसले ते घरातल्यांपैकी थोडेच, असं धरून चालावं.

घर साफ करायचं म्हणजे लोक फरशी फिनाइलने पुसतात. त्याने फटींतल्या गोचिडांना काही होत नाही, उलट ओल्या फिनाइलवरून चाललेला कुत्रा पाय चाटतो. टॉर्च घ्या, कुत्रा झोपतो तिथून सुरुवात करा आणि नजर वर वर न्या : दिवाणाची खालची बाजू, पडद्यांच्या शिवणी, दाराची चौकट, गॅलरीतल्या कुंड्यांचे तळ. अंथरूण कडकडीत गरम पाण्यात धुवा. गोणपाट असेल तर सरळ टाकून द्या. भिंतीच्या भेगा बुजवून घ्या. पेस्ट कंट्रोल करणार असाल तर एका फवारणीवर भागवू नका. अंड्यांवर औषधाचा फारसा असर होत नाही, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी आधीच ठरवून घ्या. फवारताना कुत्रा-मांजर बाहेर, माशांची टाकी झाकलेली आणि तिचा हवेचा पंप बंद. सगळं वाळल्यावरच त्यांना आत घ्यायचं.

आणि लॉनला दोष देणं आवरा. हा गोचीड इमारतींत रमणारा आहे. तो येतो मुख्यतः दुसऱ्या कुत्र्यांकडून : बोर्डिंगमधून, जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्र्यांकडून. गोठ्यातल्या गाई-म्हशींवरचे गोचीड बहुतांशी वेगळ्या जातीचे असतात. जिन्याखालच्या कुत्र्यांना हाकलून काही साधत नाही, त्यांची जागा दुसरी घेतात. वर्गणी काढून त्यांनाही गोळ्या देणं सोसायटीला स्वस्त पडतं, पण हे मीटिंगमध्ये पटवणं गोचीड काढण्यापेक्षा अवघड, हे मान्य.

उपटताना

आधी तो गोचीडच आहे ना, ते बघा. नर कुत्र्यालाही पोटावर दोन्ही बाजूंनी स्तनाग्रं असतात, आणि घाबरलेली माणसं ती चिमट्याने ओढतात. कुत्रा केकाटतो, रक्त येतं, मग दवाखाना. केस बाजूला करून भिंगातून पाहा. गोचिडाला त्वचेलगत, तोंडाच्या बाजूला बारीक पाय दिसतात. रक्त प्यायलेली मादी करड्या रंगाची, सेंटिमीटरभर फुगलेली असते आणि तिच्याच शेजारी पुष्कळदा लहानसा चपटा तपकिरी नर दडलेला असतो. तो लोकांच्या हमखास नजरेतून सुटतो. स्तनाग्राला पाय नसतात आणि त्याच्या जोडीचं दुसरं समोरच्या बाजूला सापडतं.

रॉकेलचा बोळा, जळती काडी, व्हॅसलीन, खोबरेल यांतलं काही लावू नका. ‘गुदमरून आपोआप सुटतो’ असं सांगतात. तो लवकर सुटत नाही, आणि चिडलेला गोचीड तोंडातली लाळ उलट जखमेत सोडण्याची भीती असते. आजाराचे जंतू त्याच लाळेत असतात. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला टेकून पकडा आणि सरळ, एका दमात, झटका न देता ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुई घेऊन खणत बसू नका. बहुतेक वेळा तो आपसूक बाहेर पडतो. जागेवर छोटी गाठ काही दिवस राहते. काढलेला गोचीड नखावर चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. शोधताना कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि शेपटीखाली बघायला विसरू नका.

घरगुती आणि गोठ्यातली औषधं

लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, त्यामुळे ‘जेवणात दोन पाकळ्या’ हा सल्ला मोडीत काढा. कापूर, डांबरगोळ्या आणि टी ट्री तेल ही तिन्ही कुत्र्यासाठी विषारी आहेत. गावाकडे तंबाखूचं पाणी चोळतात. कुत्रा ते चाटतो आणि निकोटीन थेट पोटात जातं.

याहून घातक म्हणजे जनावरांसाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ आणून अंदाजपंचे पाण्यात मिसळून अंगावर ओतणं. ‘बाटलीचं एक झाकण’ हे माप नव्हे. अमिट्राझ जास्त झालं की कुत्रा सुस्तावतो, उलट्या होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. आयव्हरमेक्टिनची जनावरांची मात्रा कोली किंवा शेल्टीसारख्या जातींच्या जिवावर बेतू शकते. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नका. ते मांजराला मारक आहे, नुसतं ओल्या कुत्र्याला खेटून बसलं तरी.

औषध दिलं तरी गोचीड दिसतात

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. अ‍ॅफॉक्सोलेनर, सॅरोलेनर, फ्लुरालेनर या गोळ्या गोचिडाला दूर ठेवत नाहीत. त्याने चावल्यावर औषध त्याच्या पोटात जातं आणि तो एक-दोन दिवसांत मरतो. तेव्हा घरातून नवे गोचीड चढताना दिसणारच. ते चपटे, वाळलेले, मेलेले असतील तर औषध चाललंय. रोज टम्म फुगलेले जिवंत सापडत असतील, तर गडबड आहे. मग तपासा : गोळी आताच्या वजनाची होती का, की सहा महिन्यांपूर्वीच्या? गोळी दिल्यावर कुत्र्याने उलटी केली का? महिन्याची गोळी पंचेचाळिसाव्या दिवशी दिली गेली का?

मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब असतील तर चूक बहुधा आंघोळीची निघते. हे औषध त्वचेच्या तेलातून अंगभर पसरतं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस शाम्पू नको. थेंब केसांवर सांडून उपयोग नाही, भांग पाडून कातडीवर सोडायचे.

पहिल्या महिन्यात गोचीड दिसेनासे झाले म्हणून दुसरी मात्रा टाळणं हाही घोटाळा. फटीतली अंडी तेव्हा नुकती उबत असतात. एकदा सुरू केलं की किमान तीन महिने खंड पडू देऊ नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर वर सांगितलेल्या अ‍ॅफॉक्सोलेनर वगैरे गोळ्यांआधी डॉक्टरांना जरूर सांगा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये याच कारणाने सावधगिरीची सूचना काढली होती.

ताप आला तर

‘अंगावर एकही गोचीड नाही, मग टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे येणारा ताप, कसा?’ चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, तोवर गोचीड कधीच पडून गेलेला असतो. जेवण सोडणं, पांढुरक्या हिरड्या, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त, कॉफीच्या रंगाची लघवी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातली क्रोसिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असताना आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मेडिकलमधून परस्पर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणणारेही कमी नाहीत. टिक फीवर एर्लिकिया या जिवाणूचा असेल तर ते चालतं, पण बबेसिया या रक्तपेशींतल्या परजीवीसाठी वेगळी औषधं लागतात. रक्त तपासल्याशिवाय कुठला आजार ते कळत नाही, आणि दोन्ही एकदम झालेले असू शकतात. एर्लिकियाचा कोर्स साधारण २८ दिवसांचा. चौथ्या दिवशी कुत्रा शेपटी हलवत ताटाशी आला की गोळ्या बंद करायचा मोह होतो, तो टाळा. गोळी पेढ्यात किंवा दह्यात लपवून देऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, रिकाम्या पोटी उलटी होते. बरं झाल्यावरही अँटिबॉडीची झटपट चाचणी कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यावरून पुन्हा कोर्स सुरू करू नका, प्लेटलेट्स पाहून डॉक्टर ठरवतील. आणि एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं या आजारात नसतं.

सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरीत कुत्रा रानात फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तिथले रानगोचीड घरच्या तपकिरी गोचिडाहून निराळे, आणि त्यांच्यातल्या हीमॅफिसॅलिस जातीकडून माणसाला माकडताप हा विषाणूजन्य आजार होतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती. अशा कुत्र्याला घरात घेण्याआधी अंगणातच तपासा, हातमोजे घालून. पुढच्या काही दिवसांत घरातल्या कुणाला सणकून ताप आला तर डॉक्टरांना रानाचं आणि गोचिडांचं आधी सांगा.