जोडीदाराच्या भेटीसाठी पहिला परदेश प्रवास : सोलापुरातून करायची तयारी

जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराला भेटायला प्रथमच जायचे असेल, तर तिकिटाआधी पासपोर्ट पाहावा. तो मागील १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या अल्प मुदतीच्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी ६ महिने ते १५ दिवस या मुदतीत करता येतो, मात्र शेवटच्या आठवड्यांची वाट पाहू नये. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, नोकरीतील रजेचे पत्र आणि जोडीदाराचे निमंत्रणपत्र जोडावे. नाते लपवून केवळ ‘पर्यटन’ लिहिण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मुळीच ऐकू नये, कारण मुलाखतीत किंवा विमानतळावर विसंगत उत्तर निघाल्यास प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही.

मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभरात पोहोचता येते. तरीही विमानाच्या आदल्या दिवशीच पोहोचावे. घरच्यांना जोडीदाराचा पत्ता व फोन द्यावा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घट्ट बांधून न्यावी, पण पेढे, तूप असे दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे.