दिव्यांग माणूस घरात असेल तर गावात, तालुक्यात कुठं काय मिळतं

माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो व्हीलचेअरवर असतो आणि मोजके शब्द बोलतो. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यातल्या एका गावात राहतो. नवीन आईवडील मला फोन करतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुठली योजना आहे?" माझं उत्तर असं की योजना नंतर बघू, आधी माणसं शोधा. आपल्या पंचक्रोशीत आपल्यासारखी घरं किती आहेत ते बघा. कॅम्पची तारीख, डॉक्टरांच्या तपासणी बोर्डाचा वार, कोणत्या खिडकीवर कोण बसतं, हे सगळं त्या घरांना आधीच माहीत असतं. सरकारी फलकावर ते उशिरा लागतं, कधी लागतही नाही.

ही घरं सापडण्याच्या तीन जागा आहेत. पहिली म्हणजे अंगणवाडीताई आणि आशाताई. कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळून आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दुसरी, पंचायत समितीचं गटसाधन केंद्र. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तिथं असतात. मूल शाळेच्या वयाचं असेल तर साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, आणि शाळेत जाताच येत नसेल तर घरी येऊन शिकवणं, हे सगळं त्यांच्यामार्फत होतं. तिसरी जागा म्हणजे फिजिओथेरपीच्या बाहेरचा बाक. तिथं तासभर बसलं की चार फोन नंबर हातात येतात.

आधी कार्ड

यूडीआयडी कार्डाशिवाय, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राशिवाय, पुढचं काहीच सरकत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. स्वतःला जमत नसेल तर सेतू किंवा सीएससी केंद्रात करून घ्या, पण शेजारी बसून नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच पडतंय ना ते बघा. एका अक्षराचा फरक राहिला तर पुढं पेन्शनच्या वेळी अडतं. नंतर तपासणीसाठी सरकारी दवाखान्यातल्या बोर्डापुढं जावं लागतं. आमच्याकडं ते सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात. कार्डावरचा रंग टक्क्यांप्रमाणे असतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यात झालेली इजा, हे सगळे त्यात येतात. कितीतरी घरं "आमचं काय अपंगात येत नाही" म्हणून अर्जच करत नाहीत. येत असेल. विचारा.

बोर्डाच्या दिवशीची तयारी जरा सविस्तर सांगते, कारण टक्के तिथंच ठरतात. आमच्या मुलाचं असं आहे की अनोळखी माणसानं हात धरला की कोपर ताठ होतं, मूठ आवळली जाते, मान एका बाजूला जाते. घरी तोच हात सैल असतो. काही मुलांचं नेमकं उलटं होतं. डॉक्टरांपुढं ती दोन मिनिटं छान बसतात आणि घरी रात्रभर जागवतात. म्हणून फोनवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा: जेवताना, कपडे घालताना, पलंगावरून खुर्चीत घेताना, एखादा वाईट दिवस. "साहेब, घरी असं असतं, हे बघता का?" एवढंच म्हणायचं. बहुतेक डॉक्टर बघतात. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, बौद्धिक चाचणी झाली असेल तर तिचा कागद, पाणी, डबा, बदलायचे कपडे सोबत ठेवा. शक्य तर दोघांनी जा. एकजण रांगेत, एकजण मुलाजवळ.

ग्रामपंचायतीतले पाच टक्के

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हा पैसा आपल्या दारात असतो आणि तो मागायला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं असं जे गावातूनच जमतं त्यातले, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हे ३ टक्के होते. समजा गावाचं स्वतःचं उत्पन्न बारा लाख आहे, तर साठ हजार झाले. नगरपालिका आणि महापालिकेतही हीच तरतूद आहे, तिथं रक्कम मोठी असते.

तोंडी विचारलं तर "बघू, बिलं निघू देत" असं उत्तर मिळतं. लेखी द्या. अर्जात एवढं पुरतं: "आमच्या गावातील दिव्यांग व्यक्तींची अद्ययावत नोंदवही, मागील व चालू आर्थिक वर्षातील ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न, त्यातील ५ टक्के राखीव रक्कम व तिचा खर्च यांची माहिती मिळावी." दोन प्रती काढा आणि एकीवर पोचशिक्का घ्या. मग ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ठरलेले दिवस. एकट्यानं उठून बोलायला धीर होत नाही, म्हणून तर आधी माणसं शोधा म्हटलं. चार घरं एका ओळीत बसली की विषय टाळता येत नाही. बोलणं झालं की ते ठरावात लिहिलं गेलं का ते सभा उठायच्या आत वाचून घ्या.

पैसा कशाला वापरायचा यावर गावागावांत वाद होतात. बऱ्याच ठिकाणी रक्कम सगळ्यांत सारखी वाटून टाकतात. ज्या घरात औषधालाही पैसे नाहीत तिथं ते हजार-दोन हजार मोलाचे असतात, त्यांना मी कधी नको म्हणणार नाही. तरी माझं मत असं की थोडी रक्कम सामाईक कामाला राहिली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या पायरीला उतार, वाचनालयाच्या संडासात धरायला दांडी, आणि गावात कुणालाही लागली तर न्यायला एक व्हीलचेअर, एक वॉकर. ही वस्तू कुणा एकाची होत नाही, पण आजी पडली, कुणाचा पाय मोडला, की अख्खं गाव वापरतं. मग पुढच्या वर्षी पाच टक्क्यांना विरोध करणारा माणूस कमी झालेला असतो.

तालुका आणि जिल्हा

हे थोडक्यात. पेन्शनसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये झाले. उत्पन्नाची अट कडक आहे आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना नक्की घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आधी कसली वैद्यकीय तपासणी करत नाहीत, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. ट्रस्टकडं नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज जातो. बिलं जपून ठेवायची सवय लावा. याच चार प्रकारांत आणखी एक काम असतं, ते म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्व. तोवर आपण पालक असतोच. अठराव्या वाढदिवसानंतर मात्र मुलाच्या नावाच्या व्यवहारात सही कुणाची, हा प्रश्न येतो. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडं अर्ज करायचा.

व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे आणि साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं असतं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. कॅम्प दोन असतात, एक मोजमापाचा आणि काही महिन्यांनी एक वाटपाचा. पहिल्याला गेला नाहीत तर दुसऱ्याला जाऊन उपयोग नाही. मोजमाप करताना "मधली साइज चालेल" असं कुणी म्हणालं तर थांबवा. बसायची रुंदी, पाय टेकायची उंची, पाठीचा आधार स्वतः बघा. सैल खुर्चीत मूल एका बाजूला कलतं आणि वर्षभरात पाठ वाकते.

प्रवासाचं म्हणाल तर साध्या एसटीला ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. रेल्वेचं वेगळं आहे. यूडीआयडी दाखवून लगेच सवलत मिळत नाही. रेल्वेचा वेगळा फॉर्म सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्यायचा आणि रेल्वेचं ओळखपत्र काढायचं. शिवाय ती सवलत ठरावीक प्रकारांनाच आहे.

कोल्हापूरकरांनी दोन संस्था एकदा तरी बघून याव्यात. एक उचगावची 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये ती उभी केली. वसतिगृह, शाळा, काम शिकवणं, सगळं व्हीलचेअरवरच्या माणसाच्या नजरेनं बांधलेलं आहे. घरात उतार कसा करायचा, ओटा किती उंच ठेवायचा, हे तिथं बघून कळतं. दुसरी शेंडा पार्कची 'चेतना', बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी.

मेळावे, आणि गावचे आपले सण

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. जिल्ह्याला, तालुक्याला काही ना काही कार्यक्रम होतोच. महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची सुरुवातही २०२२ सालच्या याच दिवसाची. तिथं भाषणं होतात, पाहुण्यांच्या हस्ते साहित्य दिलं जातं, फोटो निघतात. तुम्ही मात्र फाईल घेऊन जा. समाजकल्याणचे लोक, संस्थांचे लोक, विशेष शाळांचे मुख्याध्यापक त्या दिवशी एकाच मांडवात सापडतात. एरवी त्यांना गाठायला आठवडा जातो. कार्डाच्या आणि आधारच्या चार-चार झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पासबुकाचं पहिलं पान सोबत ठेवा. आणि शेजारी बसलेल्याशी बोला. २१ मार्चला डाऊन सिंड्रोम दिन, २ एप्रिलला ऑटिझम दिन, २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिन, १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो. त्या त्या संस्था तेव्हा कार्यक्रम घेतात, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घाला.

पण मला त्याहून जिव्हाळ्याचं वाटतं ते गावच्या सणांचं. आमच्या मुलांसाठी वर्षातून एक मेळावा आणि बाकी तीनशे चौसष्ट दिवस घराची खिडकी, हे मला मान्य नाही. गणपतीचं मंडळ, हळदीकुंकू, यात्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, हे त्यांचंही आहे. त्यासाठी मंडळाशी गणपतीच्या आधी महिनाभर बोलायचं. मांडव उभा राहिल्यावर कुणी बदलत नाही.

उताराचं माप लक्षात ठेवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मांडववाले तीन फुटांची फळी तिरकी टाकतात आणि म्हणतात झालं. त्यावरून खुर्ची ढकलली की मागं उलटते. स्टेज दोन फूट असेल तर चोवीस फूट उतार लागणार, तेवढी जागा नसते. मग सोपं उत्तर असं की मूर्तीपुढची एक बाजू जमिनीलगत मोकळी ठेवा आणि आरतीचं ताट खाली आणा. आमच्या गल्लीतल्या पोरांनी हेच केलं. प्लायवर काथ्याची मॅट ठोकली म्हणजे पावसात चाक घसरत नाही, फक्त खिळ्यांची डोकी वर राहिली नाहीत ना हे हात फिरवून बघा. वायरी वाटेत आडव्या नकोत. वाट तीन फूट मोकळी हवी.

ऑटिझमच्या मुलांना डॉल्बी सोसत नाही. मंडळाला सांगून संध्याकाळी पाच ते सहा स्पीकर बंद ठेवायची वेळ ठरवून घ्या आणि ती गावच्या ग्रुपवर टाका. त्या तासाला दिव्यांग मुलं येतात, तान्ह्या बाळांच्या आया येतात, हृदयाचा त्रास असलेली म्हातारी माणसंही येतात.

स्वतः एकत्र जमायचं असेल तर खर्च फारसा नाही. महिन्यातला एक रविवार, शाळेची तळमजल्यावरची खोली किंवा समाजमंदिर पुरतं. खाली बैठक घालू नका, खुर्च्या ठेवा. जवळ संडास आहे का ते आधी बघा. मुलांना सांभाळायला कॉलेजची दोन-तीन पोरं बोलवा, नाहीतर आया एकमेकींशी एक वाक्यही धड बोलू शकत नाहीत. भावंडांना आवर्जून आणा. त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. पहिल्या वेळी दोनच घरं आली तरी तारीख बदलू नका. वडील येत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. आम्ही त्यांना खेळाच्या निमित्तानं ओढलं. बोची म्हणजे चेंडू नेमक्या जागी टाकायचा खेळ, त्याचे चेंडू आणले, बसून खेळता येतं. मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. युद्धात जखमी झाल्यानंतर १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण मिळवलं. ती गोष्ट सांगितली की बाप लोक खुर्ची जवळ ओढतात.

जरा लांब जायची तयारी असेल तर गोव्याचा पर्पल फेस्ट बघा. पणजीत पहिला जानेवारी २०२३ मध्ये झाला. दिव्यांगांचा एवढा मोठा उत्सव आपल्या बाजूला दुसरा नाही: गाणं, खेळ, साहित्याची दालनं, जागोजागी सांकेतिक भाषेचे दुभाषी. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून गोव्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाची घोषणा बघूनच ठरवा आणि नोंदणी आधी करा. राहायची खोली घेताना फोनवर "लिफ्ट आहे का" एवढंच विचारून थांबू नका. बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजून फोटो पाठवायला सांगा. खुर्ची आत जाणार का, ते त्या फोटोवरून कळतं.