गाड्या धुण्याची प्रेशर ट्रॉली बनवताय? या चुका टाळा

टाकी, मोटार आणि पंप बसवून ट्रॉली तयार होते, पहिल्यांदा गन दाबली जाते आणि धार ठसके खात बाहेर येते. मग पॅकिंग बदला, मोठी मोटार बसवा, शेवटी पंपच बदला, असा खर्च सुरू होतो. नाशिकला मी स्वतःची ट्रॉली बांधली, नंतर ओळखीच्यांच्या बऱ्याच ट्रॉल्या दुरुस्त केल्या. त्यावरून ठामपणे सांगतो, बहुतेक वेळा पंपाचा काहीच दोष नसतो. पंपापर्यंत पाणीच नीट पोहोचत नसतं.

सक्शनकडे (पंप पाणी ओढतो त्या बाजूकडे) दुर्लक्ष

आमच्याकडे द्राक्षबागेच्या फवारणीचे जुने एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचे पिस्टन पंप सहज मिळतात, त्यामुळे पुष्कळ जण त्यावरच ट्रॉली उभी करतात. पंप दणकट असतो, पण त्याला लावली जाते बागेला पाणी घालायची अर्धा इंची नळी. पंप ओढायला लागला की नळी चपटी होते आणि पाणी अपुरं पडतं. आत पोकळी तयार होऊन पाण्याचेच बुडबुडे होतात आणि फुटतात. कान दिलात तर पंपात बारीक खडी फिरतेय असा आवाज येतो. तो आवाज अंगावर काढू नका, व्हॉल्व आणि ते ज्यावर बसतात ती सीट त्यानेच झिजते. सक्शन पाइप पंपाच्या तोंडाइतका किंवा एक साइज मोठा घ्या, आत तारेची स्प्रिंग असलेला, शक्य तितका आखूड आणि कमीत कमी एल्बोचा. टाकीचा तळ पंपापेक्षा थोडा वर ठेवा, म्हणजे पाणी आपसूक पंपाकडे उतरतं.

दुसरा त्रास हवेचा. पंप हवा घेतो, पण कुठून ते दिसत नाही, कारण सक्शनच्या जोडातून पाणी गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. जोड कोरडा ठणठणीत, म्हणून कुणी त्याच्याकडे बघतच नाही. एक सोपी युक्ती आहे. पंप चालू ठेवा, मगमध्ये पाणी घ्या आणि एकेका जोडावर हळूहळू सोडा. ज्या जोडावर पाणी पडताच गनची थरथर थांबते, तोच चोर. तिथला क्लॅम्प बदला, टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा. गाळणीच्या झाकणाचं रबरी वायसर दबून चपटं झालेलं असतं, तेही बघून घ्या.

आता रिटर्न पाइप. दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरमधून परत येणारं जादा पाणी बरेच जण टाकीत वरून सोडतात. ते पाण्यावर आपटतं, फेस होतो आणि तोच फेस सक्शनच्या तोंडाशी जातो. रिटर्नचं टोक पाण्यात बुडालेलं हवं आणि सक्शनपासून टाकीच्या दुसऱ्या कडेला. माझ्या पहिल्या ट्रॉलीत दोन्ही तोंडं वीतभर अंतरावर होती. टाकी अर्धी झाली की धार तुटायची. मी आठवडाभर पंप खोलत बसलो होतो.

टाकी जितकी मोठी तितकी बरी, हा गैरसमज

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 200 लिटरचा ड्रम, फ्रेम, मोटार, पंप मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जातं. सपाट रस्त्यावर दोघांनी ढकलता येतं, पण बेसमेंटच्या उतारावर नाही. त्यात ड्रम अर्धा असेल तर सगळं पाणी एका अंगाला झुकतं आणि ट्रॉली त्याच अंगाला कलते. उभ्या ड्रमपेक्षा 100 ते 150 लिटरची बसकी टाकी घ्या, वजन चाकांच्या आसावर येईल अशी बसवा आणि ब्रेक बसवल्याशिवाय ट्रॉली वापरात आणू नका. कपाटाला लावतात तसली छोटी कॅस्टर चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, हवेची चाकं बसवा.

पाणी कुठून भरणार याचा विचारही आधीच करा. बंगळुरूत मार्च 2024 मध्ये टंचाईमुळे पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि दंड होता 5,000 रुपये. बोअरचं पाणी चालतं, पण त्यात रेती येते, म्हणून भरतानाच गाळून घ्या. पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग राहतात. अशी गाडी उन्हात वाळू देऊ नका, लगेच कापडाने पुसा.

एचपी आणि आरपीएमचा घोळ

हिशेब साधा आहे. बारमधला दाब गुणिले मिनिटाला जाणारे लिटर, भागिले 600, म्हणजे लागणारे किलोवॉट. 100 बार आणि 10 लिटर धरले तर 1.67 किलोवॉट, घट धरून दोनच्या आसपास, म्हणजे पावणेतीन एचपी. इथे एक एचपीची मोटार लावली की ती तापणार, ट्रिप होणार.

प्रेशर वाढवायला पुली बदलून पंप जोरात फिरवणं ही आणखी एक चूक. आरपीएमने, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, पाणी वाढतं. दाब ठरतो नोजलच्या छिद्रावर आणि रेग्युलेटरवर. पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या आरपीएमच्या वर जाऊ नका. मोटार 1440 ची, तिची पुली तीन इंची आणि पंपाची पाच इंची असेल तर पंपाला साधारण 864 मिळतात.

प्रेशर उतरलं तर आधी बादली घ्या. गन 20 लिटरच्या बादलीत सोडा आणि वेळ मोजा. मिनिटाला ठरल्याइतकं पाणी येतंय पण धारेत जोर नाही, तर नोजल झिजलंय. पाणीच कमी येतंय, तर रिटर्न पाइप बघा. तिथून भरपूर पाणी परत जात असेल तर रेग्युलेटर, नाहीतर सक्शन, पट्टा किंवा पंपाचे व्हॉल्व.

होज मात्र पंपाच्या दाबाला साजेसाच घ्या. फवारणीचा हिरवा पाइप 100 बारच्या वॉशरला लावू नका, तो फुटतो तेव्हा चाबकासारखा फिरतो. शून्य अंशाचं लाल नोजल रंगावर आणि टायरवर कधीच वापरू नका. 25 किंवा 40 अंशाचं घ्या आणि बॉडीपासून फूटभर लांब धरा.

जिथे चुकीला माफी नाही

ओली जमीन, ओले हात आणि 230 व्होल्ट. एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) ट्रॉलीवरच बसवा, तीन कोअरची केबल वापरा आणि फ्रेमला अर्थिंग द्या. हजार-दीड हजार वाचवायला हे टाळणाऱ्याची ट्रॉली मी हातात घेत नाही. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडूनच मोटार चालवा, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

वीज नको म्हणून पेट्रोल इंजिन घेतलंत तर ते बेसमेंटमध्ये चालवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस गुंगत जातो आणि त्याला कळतही नाही.

रोजचं

मालकाशी बोलताना गन सोडली आणि मोटार चालूच राहिली, हे नेहमी घडतं. बायपासचं, म्हणजे गन बंद असताना परत वळणारं पाणी टाकीऐवजी पंपातच फिरत असेल तर ते दोन-तीन मिनिटांत तापतं आणि सील जातात. बोलायचं तर मोटार बंद करा. पंपाच्या ऑइलची काच आठवड्यातून एकदा पुसून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बदलेपर्यंत पंप चालवू नका. संध्याकाळी मोटार बंद केल्यावर गन एकदा दाबून होजमधला दाब सोडा, मगच कपलिंगला हात लावा.