हेडलाइट लागत नाही? वायरिंग तपासताना या चुका टाळा

हेडलाइट बंद पडला की आधी बल्ब बदलायचा, तरीही लागला नाही तर टेप सोडवून वायरिंग उघडायचं, हा क्रमच चुकीचा आहे. वायरिंगला हात लावण्याआधी काय बंद आहे ते नीट पाहा. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थ (बल्बमधून बॉडीकडे करंट परत नेणारी जोडणी) आणि (बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळा असलेला) फ्यूज तपासा. दोन्ही बाजूंचा लो बीम एकदम गेला, तर संशय रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा मोठा करंट जोडणारा भाग) किंवा स्विचवर. एक अपवाद लक्षात ठेवा: एक बल्ब आधीच गेलेला असतो, कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग दुसराही जातो. म्हणून चालू असल्याची खात्री असलेला बल्ब दोन्हीकडे लावून पाहा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागापाशी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

बल्ब काढून व्होल्टेज मोजणं

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच. होल्डर काढला, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे 'वायरिंग ठीक आहे' असं ठरवून टाकलं जातं. पण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरमधली एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. ५५ वॅटच्या बल्बला मात्र सुमारे साडेचार अँपिअर लागतात आणि ते त्या एका तारेतून धड जात नाहीत. म्हणून मोजमाप बल्ब जागेवर आणि स्विच चालू ठेवूनच करा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल प्रोब होल्डरच्या मागच्या बाजूने अर्थच्या टर्मिनलला लावा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त दिसलं तर अर्थ खराब, आणि अर्थ पूर्ण तुटला असेल तर जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज दिसेल. मग लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी बल्बच्या सप्लाय टर्मिनलवर. इथे साधारण ०.५ व्होल्टपर्यंत सोडून द्या. जास्त असेल तर काळी प्रोब रिले, फ्यूज असं करत बॅटरीच्या दिशेने मागे आणा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घसरतो, दोष त्यांच्यामध्येच.

बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या पूर्ण वाटेवर मिळून अर्धा व्होल्ट चालतो, पण तो एकाच जोडावर पडत असेल तर किरकोळ नाही. होल्डरमध्ये ०.१ ओहमचा अडथळा असला तरी तिथे सुमारे २ वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला सुरुवात होते ती अशीच. शिवाय व्होल्टेज १० टक्के कमी झालं की हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो.

मोजण्याआधी गाडीचा वायरिंग डायग्राम पाहाच. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणजे बल्बच्या कॉमन पिनवर (लो आणि हाय बीम दोन्हींना सामाईक असलेल्या पिनवर) १२ व्होल्ट असणंच बरोबर. हे माहीत नसेल तर चांगली वायर खराब ठरवून कापली जाते.

अर्थकडे दुर्लक्ष

लो बीम लावल्यावर एका बाजूला बल्बमधली लो आणि हाय बीमची दोन्ही फिलामेंट (उजेड देणाऱ्या तारा) मंद पेटत असतील आणि डॅशबोर्डवरचा हाय बीमचा निळा दिवाही मिणमिणत असेल, तर बहुतेक वेळा त्या बाजूचा अर्थ गेलेला असतो. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो हाय बीमच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो. अर्थचा बोल्ट काढा, रिंग आणि बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. रंगावरच आवळलेला अर्थ टिकत नाही.

फ्यूज मोठा घालणं

१० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० चा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. त्याऐवजी वायर ब्रॅकेटला किंवा पत्र्याच्या कडेला घासते का ते शोधा. वायरिंग न बदलता १०० वॅटचे बल्ब लावणंही तितकंच घातक.

वायरला सुई टोचणं

व्होल्टेज पाहण्यासाठी वायरच्या आवरणात सुई टोचली, तर त्या जागेतून पाणी शिरतं आणि काही महिन्यांत आतलं तांबं हिरवं पडतं. प्रोब कनेक्टरच्या मागूनच सरकवा. वायर आतून तुटल्याचा संशय असेल तर ती हलकेच ओढून पाहा: तुटलेल्या जागी फक्त वरचं आवरण उरलेलं असतं, ते रबरासारखं ताणलं जातं. अशी तुटफूट बहुधा वायर वळते तिथे, हेडलाइटच्या मागे सापडते. जोड देताना तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करा (धातूची नळी पक्कडने दाबून जोडा) आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा.

झेनॉन हेडलाइट असेल तर घरी उघडू नका. तो पेटताना २०,००० व्होल्टच्या वर जातो. दिवे कंट्रोल युनिटवरून (इलेक्ट्रॉनिक सर्किटवरून) चालणाऱ्या गाडीत साधा टेस्ट लॅम्पही (तपासणीचा बल्बही) लावू नका, त्याचा करंट युनिटला झेपेलच असं नाही.