रद्द केलं तरी नोंदणी झालीच!

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचा स्पर्धेचा फॉर्म मीच बनवलाय. शेजारच्या काकांना दिसत नाही, ते एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून कॉम्प्युटर वापरतात. परवा त्यांचा फोन: "अरे, मी 'रद्द' दाबलं, तरी नोंदणी झाल्याचा मेल कसा आला?"

चूक माझीच. फॉर्मच्या आतल्या बटनाला टाइप, म्हणजे प्रकार, दिला नाही, तर ब्राउझर ते 'सबमिट', म्हणजे फॉर्म पाठवणारंच धरतो. 'रद्द' दाबलं की माझा कोड फॉर्मचं पॅनल (पानावर उघडणारी चौकट) लपवायचा आणि मागून फॉर्म गुपचूप जायचा. मी मात्र दरवेळी रिकाम्या फॉर्मवर तपासत होतो. तिथे आवश्यक रकानेच त्याला अडवायचे, म्हणून सगळं ठीक वाटायचं.

घाईत आधी टाइप 'रीसेट' केला. तो तर त्याहून वाईट, भरलेलं सगळं एका फटक्यात साफ! मग गुमान 'बटन' केला.

पुन्हा काकांकडे. "बंद झालं, पण आता मी आहे कुठे?" पॅनल लपल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्ड पानावर कुठे आहे ती जागा, हरवत होता. आता तो परत 'नाव नोंदवा' या बटनावर जातो, जिथून पॅनल उघडलं होतं. एस्केपनेही हेच होतं. नुसतं 'रद्द' ऐकून काय रद्द ते कळेना, म्हणून लेबल 'नोंदणी रद्द करा' केलं. काही भरलेलं असेल तरच "टाकून द्यायचं का?" असं विचारतो.

काल काकांनी तीनदा भरून तीनदा रद्द केलं. मेल आला नाही. चहा मात्र मलाच पाजावा लागला.