नगराध्यक्षपदाला कोण उभं राहणार? अंदाज बांधताना या चुका टाळा

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात, मोंढ्यात, पानटपरीवर, बार रूममध्ये एकच विषय असतो: अध्यक्षाला कोण उभं राहणार? नावं डझनभर निघतात, आणि शेवटच्या दिवशी अर्ज येतो तो भलत्याचाच. असं होतं कारण लोक इच्छुकाचं बोलणं मोजतात, त्याचे कागद मोजत नाहीत.

सोडतीआधीच नावं पक्की करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अध्यक्षपदाचं आरक्षण सोडतीनं ठरतं. 2025 ची सोडत 6 ऑक्टोबरला मुंबईत निघाली आणि 10 नोव्हेंबरपासून अर्ज सुरू झाले. मध्ये जेमतेम पाच आठवडे. त्या सोडतीत 247 नगरपरिषदांपैकी 67 अध्यक्षपदं ओबीसींसाठी निघाली, आणि प्रत्येक प्रवर्गातली निम्मी किंवा निम्म्याला लागून पदं महिलांसाठी. वर्षभर लग्नं, दहावे, सप्ताह धरून बसलेल्या माणसाचं गणित एका चिठ्ठीनं मोडतं.

म्हणून सोडतीआधी नावांची यादी करू नका, घरांची करा. गावात राजकारण करणारी सात-आठ घरं असतात. प्रत्येक घरापुढे चार रकाने आखा: खुला निघाला तर कोण, महिला निघाली तर कोण, ओबीसी निघाला तर कोण, अनुसूचित जातीला गेलं तर हे घर कुणाच्या पाठीशी उभं राहील. सोडत निघाली की लागू नसलेले रकाने खोडायचे. अनुसूचित जातीचा रकाना बहुतेक जण आधीच रिकामा सोडतात आणि तिथंच फसतात. पद राखीव झालं म्हणून मोठं घर राजकारण सोडत नाही, ते आपला माणूस उभा करतं.

निवड थेट आहे की नगरसेवकांतून, हेही आधी पाहा. 2016 ला अध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले, 2020 मध्ये ती तरतूद रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. नगरसेवकांतून निवड असेल तर आपला वार्ड पक्का असलेला, माणसं जुळवणारा पुढारी पुढे येतो. थेट असेल तर सगळ्या गावाला तोंडओळख असलेला डॉक्टर किंवा शिक्षण संस्थाचालकही उतरतो.

ओबीसी जागेवर जुनाच हिशोब लावणं

2023 पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटबाबतचा, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या जुन्या सरकारी नोंदींबाबतचा, शासन निर्णय निघाला. नोंद सापडलेल्या मराठा कुटुंबाला कुणबी, म्हणजे ओबीसीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यामुळे ओबीसी जागेवर कोण उभं राहू शकतं हे आडनावावरून सांगता येत नाही. आणि नुसतं ‘त्यांची नोंद सापडली’ एवढ्यावर नाव धरूनही चालत नाही. राखीव जागेवर अर्ज भरताना जात वैधता प्रमाणपत्र, किंवा निदान पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडावा लागतो. प्रमाणपत्र काढलं पण पडताळणीला टाकलंच नाही, असा इच्छुक यादीत खाली घ्या. निवडणूक लागायच्या आधीच पडताळणी करून बसलेला माणूस मात्र गंभीर आहे, मग तो तोंडानं काहीही म्हणो.

कागद न पाहणं

तीन गोष्टी तपासल्या तरी यादी निम्मी होते.

पहिली, मतदार यादी. उमेदवाराचं नाव त्याच नगरपालिकेच्या यादीत हवं. मुलांच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला किंवा लातूरला घर केलेले बरेच पुढारी नावही तिकडंच हलवतात. 2025 ला 1 जुलैची यादी धरली होती, म्हणजे नाव परत आणायचं तर त्याआधीच आणावं लागत होतं. उलट, कुणा पुढाऱ्याच्या पत्नीचं किंवा सुनेचं नाव उन्हाळ्यातच गावात परत आलं असेल, तर ती खूण दहा बॅनरांपेक्षा मोठी.

दुसरी, अपत्यांची अट. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर तो माणूस बाद. गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चर्चेत नाव फिरत राहतं.

तिसरी, गुत्तेदारी, म्हणजे ठेकेदारी. नगरपालिकेच्या कामात हितसंबंध असलेल्याला उभं राहता येत नाही. चालू कामं अचानक दुसऱ्याच्या नावावर गेली, तर का गेली ते विचारा.

वसुलीच्या खिडकीकडेही लक्ष ठेवा. चार वर्षांची थकलेली घरपट्टी आणि नळपट्टी कुणी दंडासकट एकदम भरली, तीही घर आणि दुकान दोन्हीची, आणि पावती नीट घडी घालून खिशात ठेवली, की तो अर्जाच्या तयारीला लागला असं समजा.

‘भावी नगराध्यक्ष’ वाचून भुलणं

बॅनर वाचायचा तो खालून वर. तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून कोणाची नावं आहेत? नुसतंच मित्रमंडळ असेल तर वजन कमी. वेगवेगळ्या वार्डांतले, वेगवेगळ्या समाजांचे आजी-माजी नगरसेवक असतील, तर त्यानं जुळवाजुळव केलेली आहे. मग वरची रांग पाहा: आमदाराचा फोटो आहे का, आणि आमदारानं तो बॅनर पाहूनही काही दिवस तसाच राहू दिला का? पुष्कळ ‘भावी’ बॅनर उमेदवारीसाठी नसतातच. माघार घेताना उपनगराध्यक्षपद, एखाद्या समितीचं सभापतीपद किंवा स्वीकृत सदस्यत्व पदरात पडावं, म्हणून ते लागतात.

माणूस पाहणं, पण जागा कोणत्या पक्षाला सुटते ते न पाहणं

2024 च्या लोकसभेला धाराशिवची जागा महायुतीत अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. भाजप आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी 4 एप्रिलला राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि त्याच दिवशी त्यांची उमेदवारी जाहीर झाली. बीडमध्ये तेव्हाच्या खासदार प्रीतम मुंडे यांच्याऐवजी पंकजा मुंडे आल्या. घर तेच, नाव दुसरं. नगरपालिकेतही असंच घडतं, फक्त बातमी छोटी होते. मित्रपक्षांचं जमलं नाही आणि ‘मैत्रीपूर्ण लढत’ ठरली, तर उमेदवार एकदम वाढतात. तेव्हा आधी युतीचा निकाल लागू द्या, मग नावं.

अंदाज कशाचा, हेच न ठरवणं

इच्छा जाहीर करणं, अर्ज भरणं आणि अर्ज टिकवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 2024 च्या विधानसभेला मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी 3 नोव्हेंबरला लढायचे काही मतदारसंघ जाहीर केले आणि 4 नोव्हेंबरला सकाळी माघार जाहीर केली. आदल्या रात्री बांधलेले सगळे हिशोब वाया गेले. 2025 च्या नगरपालिकांना अर्जाची मुदत 17 नोव्हेंबर आणि अपील नसेल तिथं माघारीची मुदत 21 नोव्हेंबर होती. या दोन तारखांचे अंदाज वेगळे लिहा.

प्रत्येक नावापुढे शंभरात किती, हे तारखेसह वहीत टाका. ‘उभा राहील’ असं नुसतं लिहू नका, 70 लिहा. आरक्षण, युती, एबी फॉर्म (पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र) अशा प्रत्येक टप्प्याला आकडा बदला, जुना खोडू नका. ज्या दहा नावांना 70 दिले त्यांतली साधारण सात उभी राहिली, तर तुमचा हात बसला. दहाच्या दहा उभी राहिली तर तुम्ही उगाच भीत होता, चारच राहिली तर बॅनरवर जास्त विश्वास ठेवला.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो ते निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर थांबून पाहा. एकाच घरातून दोन अर्ज आले असतील तर त्यांतला एक डमी असतो, छाननीत मुख्य अर्ज उडाला तर हाताशी असावा म्हणून भरलेला. तो माघारीच्या दिवशी निघतो, त्याला उमेदवार म्हणून मोजू नका.